रांजणामागची डबी

"चांगली बातमी आहे, ताई," असं फोनवरची मुलगी म्हणाली तेव्हा शीलाच्या हातात कुणाच्या तरी लघवीची बाटली होती आणि तिच्यावर नावाचं स्टिकर लावायचं राहिलं होतं. मंचरच्या एस्टी स्टँडसमोरच्या लॅबमध्ये सहा वर्षं ती हेच करत आली होती. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी आपापल्या नावाला चिकटवून द्यायची. एकाचं दुसऱ्याला जाऊ द्यायचं नाही. या कामात तिची चूक एकदाही निघाली नव्हती, आणि लॅबच्या डॉक्टरीणबाई चारचौघांत तिचं कौतुक करत तेव्हा तिला आतून कसंतरी होई. फोनवरच्या मुलीचं नाव मोहिनी. ती पुण्याच्या कुठल्याशा संशोधनात काम करत होती. आठ महिन्यांपूर्वी तिथला एक कागद लॅबच्या भिंतीवर लागला होता: लहानपणीच मधुमेह झालेल्यांची सख्खी भावंडं हवीत, स्वतः धडधाकट राहिलेली. तो कागद शीलानं तीन आठवडे येता-जाता वाचला, आणि एका दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना फॉर्म भरून टाकला. भाऊ: मयत. वय: बारा. कारण या शब्दापुढं तिनं जे लिहिलं ते तोवर तिनं कुठंच लिहिलं नव्हतं, तोंडानं तर उच्चारलंच नव्हतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती खरं बोलली, तेही एका कागदाशी. मग स्वतःच स्वतःच्या दंडाला पट्टा बांधून तिनं तीन नळ्या रक्त काढलं आणि त्यांच्यावर स्वतःचं नाव चिकटवलं.

मोहिनी शिकलेली होती पण समजावून सांगायची तिला हौस होती. म्हणाली, ताई, आपलं कोण आणि परकं कोण हे शरीराला ओळखावं लागतं. ते ओळखायला शिकवणारा एक संच प्रत्येकाच्या रक्तात असतो. अर्धा आईकडून येतो, अर्धा वडिलांकडून. काहींच्या वाट्याला असा अर्धा येतो की त्यांच्या रक्तातले राखणदार आपल्याच पेशींना परकं समजून मारून टाकू शकतात. साखर जिरवणाऱ्या पेशी त्यात संपल्या की हा आजार झालाच. पण तुमच्यात एक अर्धा असा आहे की तो ज्याच्याकडे असतो त्याला हा आजार जवळजवळ होतच नाही. अगदीच क्वचित. तुम्ही निर्धास्त राहा. भावाचं रक्त आता मिळणार नाही, त्यामुळे त्याचं नक्की सांगता येत नाही, पण त्याच्याकडे हा अर्धा आला नसावा, दुसराच आला असावा. शीलानं विचारलं, मुलीचं काय. मोहिनी म्हणाली, तुमच्याकडून तिला एकच अर्धा गेला असणार, हा किंवा तो. निम्मी निम्मी शक्यता. तिचं रक्त द्या, कळून जाईल, कळलं तर नीट लक्ष ठेवता येतं. फॉर्म पाठवते. फक्त आईवडील दोघांच्याही सह्या लागतील, आणि घराण्यात कुणाला होता ते दोघांनी मिळून भरायचं. शीला "बरं" म्हणाली. बाटलीवर स्टिकर लावलं. ते तिरकं बसलं, म्हणून काढून पुन्हा लावलं.

चांगली बातमी. ती स्टुलावर बसली आणि तिला राग आला. कुणाचा ते कळेना. माहेरी, मढच्या त्या घरात जे जे चांगलं ते धाकट्या भावाच्या, ऋषीच्या वाट्याला ही जगरीतच होती आणि तिला तिची कधी टोचणी लागली नव्हती. नऊ वर्षं वाट पाहून झालेला मुलगा. दुधावरची साय त्याची, कोंबडीनं अंडं दिलं की ते त्याचं, जुन्नरच्या बाजारातून येणारे बूट त्याचे. शीला आठवीपर्यंत अनवाणी शाळेत गेली आणि भावाच्या बुटांच्या नाड्या तीच बांधायची. हावरट नव्हती ती. आणि आता ही बाई सांगते की त्या घरातली सगळ्यात मोलाची वस्तू, जिच्यावाचून पोरगं गेलं, ती कुणालाही न विचारता तिच्या ताटात पडली होती. ती पोटात होती तेव्हाच. आईला, लंकाबाईला, जर कुणी सांगितलं असतं की असं असं काही पोरीच्या अंगात आहे आणि ते काढून पोराला देता येतं, तर आईनं क्षणभर विचार केला नसता. शीलानंही स्वतः हात पुढे केला असता. पण ही एकच वाटणी घरातल्या कुणाच्या हातात नव्हती, आणि नेमकी तीच उलटी झाली. निर्धास्त राहा म्हणे. चौदा वर्षं ज्या भीतीच्या आधारानं ती जगत होती, आपल्यालाही तो आजार होईल, कधीतरी आपलीही फेड होईल, ती भीतीसुद्धा या बाईनं काढून घेतली. तिला शिक्षा होणार नव्हती. हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तिला फार एकटं वाटलं.

दोन वाजता सुटी झाली. फॉर्म छापून, घडी घालून तिनं पर्समध्ये ठेवला आणि बाजारपेठेतून घराकडे निघाली. उन्हानं रस्ता पांढरा पडला होता. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. एका दुकानासमोर समृद्धीच्या वयाची पोरगी उभ्या उभ्या उसाचा रस प्यायली, रिकामा ग्लास पुढे करून आणखी मागितला, आणि शीलाच्या मनानं आपोआप मोजलं: दोन. ही तिची खोडच होती. समृद्धी अंगावरून सुटली त्या दिवसापासून शीला पोरीचं पाणी मोजत आली होती. दिवसाला सहा ग्लास, उन्हाळ्यात आठ, नऊ झाले की रात्री उठून ती पोरीचं अंथरूण चाचपायची. न्हाणीत मुंग्या दिसल्या की ती त्यांची रांग कुठून कुठं जाते ते वाकून पाही. दर रविवारी "मम्मीच्या लॅबचा खेळ" म्हणून पोरीच्या बोटाला टोचून थेंब काढी आणि पट्टीवर धरी. नवऱ्याला, दादाभाऊला, तिनं रक्त कमी आहे का ते बघते असं सांगितलं होतं.  समृद्धी आता अकरा वर्षं आठ महिन्यांची. चार महिन्यांनी ती ऋषीच्या वयाला पोचणार, आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस त्यानं न पाहिलेला असणार. त्यात पुढच्या आठवड्यात दादाभाऊच्या पुतणीचं, आरतीचं लग्न होतं आणि तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून समृद्धीनं जायचं असं सासरच्या, पिंपळवंडीच्या घरानं परस्पर ठरवलं होतं. पोरगी हरखून गेली होती. नव्या घरी चार दिवस मिरवायचं, बांगड्या भरायच्या. शीला रोज रात्री ठरवायची की उद्या नाही म्हणू, आणि रोज सकाळी नाही का म्हणायचं याचं कारण तिला सांगता येत नसे. कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

ऋषीला नवव्या वर्षी झालं. आधी अंथरूण ओलं व्हायला लागलं, मग तो वाळत गेला, मग एका पावसाळ्यात भाताच्या खाचरात उभा असतानाच खाली बसला. वडील, रखमाजी, त्याला पाठीवर घेऊन डांबरी सडकेपर्यंत आले आणि मिळेल त्या गाडीनं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं एकवीस दिवस काढले. सुई द्यायला लंकाबाईला शिकवत होते, पण तिचे हात थरथरायचे, म्हणून नर्सनं अठरा वर्षांच्या शीलाच्या हातात सिरिंज दिली आणि म्हणाली, तू कर, तुझा हात धीट आहे. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तीच. आज डावी मांडी, उद्या उजवी. तो रडायचा नाही. सुई टोचली की मोठ्यानं एक ते पाच आकडे म्हणायचा, पाचाला सुई बाहेर. घरात फ्रीज नव्हता. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली औषधाची कुपी. मढच्या गारव्यात ते चालून जायचं. ते मडकं शीला रोज शिंपायची. लग्नाचं बघायला लागेपर्यंत यात लपवण्यासारखं काही आहे हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पोरगं आजारी आहे, सुई घेतं, हसतं, शाळेत जातं, एवढंच.

मग पिंपळवंडीचं स्थळ आलं. बागायती गाव, पाटाचं पाणी, द्राक्षं, टोमॅटो. मढच्या नाचणी-भाताच्या घराला असं स्थळ म्हणजे आभाळाला हात लागल्यासारखंच होतं. त्या रात्री रखमाजीनं जेवण झाल्यावर मडक्याकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की हे उद्यापासून माळ्यावर. शीलानं विचारलं का. तो म्हणाला, "रक्तातला रोग हाय म्हनल्यावर त्या घरात पोर कोन देईल आन् त्या घरातली पोर कोन नेईल? तुज्या रक्तात बी हाय म्हनतील." ऋषी तिथंच बसला होता. तो चटकन म्हणाला, "ताई, मी न्हाई सांगनार कुनाला." लपाछपीच्या खेळात घेतल्यासारखा त्याला आनंद झाला होता. शाळेत विचारलं तर टॉनिकची सुई म्हणायचं हे त्यानं स्वतःच शोधून काढलं. तिच्या रक्तावर डाग पडू नये म्हणून ते पोर अडीच महिने आपलं दुखणं माळ्यावर चढवून बसलं होतं, आणि तिच्या रक्तात डाग नव्हताच. हे आज कळलं. आज, बाजारपेठेत, उसाच्या रसाच्या दुकानासमोर. शीला भिंतीला टेकली. एका ओळखीच्या बाईनं विचारलं, ऊन लागलं का. तिनं मान हलवली. ऊन लागलं का हे शब्द तिच्या ओळखीचे होते.

त्यांच्याकडे नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते, आणि नवरीचा भाऊ लहान असला तर त्यालाही पाठराखा म्हणून धाडतात. ऋषीला धाडायचं की नाही यावर घरात वाद झाला नाही; सुई देणारी तीच होती, ती जाईल तिथं तो जाणार हे ओघानंच आलं. मे महिन्यातल्या एका रविवारी लग्न लागलं. शीलाच्या ट्रंकेत साड्यांच्या खाली स्टीलची एक डबी, तिच्यात ओल्या रुमालात कुपी आणि दोन सिरिंज. पिंपळवंडीच्या घरात फ्रीज होता, लाल रंगाचा, देवघराशेजारी, आणि त्याच्या दारात सासूबाई. त्यात काही ठेवायचं म्हणजे आधी सांगायचं. म्हणून तिनं न्हाणीघरातल्या रांजणामागं, जिथं जमीन कायम ओली असे, तिथं डबी सारून ठेवली. सोमवारी सकाळी आणि संध्याकाळी न्हाणीत नेऊन तिनं त्याला सुई दिली. तो आकडे मनातल्या मनात म्हणाला, फक्त ओठ हलवत, आणि पाच झाल्यावर हसला. मंगळवारी सकाळी रांजणामागं डबी नव्हती.

तिनं रांजण हलवून पाहिला. मोरीत पाहिलं, उकिरड्याकडे जाऊन पाहिलं, बायका हसल्या, नवरी उकिरडा हुंगती म्हणून. सासूबाईंनी झाडलोट करताना टाकली असेल का, भांडी घासणाऱ्या म्हातारीनं नेली असेल का. विचारायचं कसं? कसली डबी म्हटल्यावर पुढचं काय सांगायचं? अंगावरची हळद निघाली नव्हती, चेहऱ्यावरचा पदर हलवायची चोरी होती. नवरा ओसरीवर असायचा, पण सत्यनारायण आणि जेजुरी झाल्याशिवाय नवरा-नवरीनं एकमेकांशी बोलायचं नाही ही त्या घरची रीत होती, आणि ती पाळली जाते की नाही यावर आत्या, माम्या, चुलत्यांचा पहारा होता. पूजा गुरुवारी. तिनं ऋषीला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, गोड खाऊ नको, पाणी पी, गुरुवारी पूजा झाली की घरी जाऊ. तो म्हणाला, "मला काय व्हत न्हाई, ताई. तू रडू नको, समद्यांना कळंल." पण पाठराख्याला गोड नको म्हणू देतं कोण? लापशी झाली, पुरणपोळी झाली, नको म्हटलं तर मढकडची माणसं लई लाजरी म्हणून आणखी एक वाढायचे. बुधवारी तो माठापाशीच बसून राहिला. एवढं पाणी पितंय हे पोरगं, धरण पिऊन आलंय का, असं म्हणून लोक हसले आणि तोही हसला. बुधवारी दुपारी तिनं धीर करून सासऱ्यांच्या मोबाइलवरून वडलांना फोन लावायला सांगितला. ओसरी भरलेली, सगळ्यांचे कान तिच्याकडे. ती फक्त एवढंच म्हणाली, "बाबा, लवकर न्यायला या." रखमाजीला वाटलं लेकीला माहेर आठवतंय. तो म्हणाला, चार दिवस कळ काढ, पोरी. त्याच्या मागं लंकाबाई रडत होती, लेक सासरी गेलेल्या कुठल्याही आईसारखी.

गुरुवारी पूजेला ती पाटावर बसलेली असताना तो मागच्या पडवीत ओकत होता. प्रसादाचा शिरा त्याच्या हातात तसाच होता. गावातले डॉक्टर आले. ते चांगले होते. त्यांनी विचारलं, आधी काही आजार? बायकांच्या गर्दीत मागं उभ्या असलेल्या शीलानं तो प्रश्न स्पष्ट ऐकला. हे तिला नंतर कधीही नाकारता आलं नाही. तिचं तोंड उघडलं होतं. आणि सासूबाई म्हणाल्या, न्हाई वो, ठणठणीत पोर हाय, उन्हाचं झालं असंल. ते वाक्य मध्ये आलं आणि शीलाला वाटलं, आता आपण वेगळं बोललो तर सासूला खोटं पाडल्यासारखं होईल. एवढंसं. एवढ्याशा गोष्टीसाठी. डॉक्टरांनी अशक्तपणासाठी ग्लुकोजची बाटली लावली. तिनं ती बाटली थेंबाथेंबानं त्याच्या अंगात जाताना पाहिली. तिला ठाऊक होतं त्यात काय आहे. त्याच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला, दम लागल्यासारखा तो खोल खोल श्वास घ्यायला लागला, तेव्हा तिनं पदर टाकला आणि त्याला नारायणगावला न्या म्हणून ओरडली. जीपमध्ये त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं त्याच्या कानात एक, दोन, तीन म्हटलं. वारूळवाडीच्या अलीकडे तिच्या लक्षात आलं की श्वास ऐकू येत नाही. ऊन लागलं असं सगळे म्हणाले. रखमाजी आला, त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, तिनं डोळे खाली घातले आणि त्याला सगळं कळलं. तोही ऊन लागलं असंच म्हणाला. मेल्यावरही त्यानं पोराचं दुखणं माळ्यावरून खाली उतरवलं नाही, कारण आता तर पोर सासरी नांदायची होती. परक्यांना कळू नये म्हणून त्यांनी आपल्यातलंच एक मारलं. मोहिनी सांगत होती ते रक्तातल्या राखणदारांचं, पण शीलाला ते नव्यानं समजावून घ्यावं लागलं नव्हतं.

घरी पोचली तेव्हा दादाभाऊ आलेला होता. टोमॅटोची गाडी नारायणगावच्या बाजारात खाली करून तो या वेळेला येतो, हातपाय धुतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला पाठ लावून चहाची वाट बघत बसतो. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मार नाही. लग्नानंतर पहिलं वर्षभर जेवताना तो तिच्या ताटाकडे टक लावून बघायचा, विशेषतः गोडधोड असलं की. ती पेढा उचलायची आणि त्याची नजर तिच्या बोटांबरोबर तोंडापर्यंत यायची. भाऊ गेलेल्या बायकोनं दोन घास खावेत म्हणून बघतोय असं तिला वाटे, आणि त्या नजरेच्या जोरावर ती त्या घरात टिकली होती. आपल्याकडे कुणीतरी बघतंय, एवढाच काय तो आधार. त्या आधाराला जागून तरी त्याला खरं सांगावं असं तिला कितीदा वाटलं आणि त्याच आधाराला तडा जाईल म्हणून कितीदा तिनं गिळलं. समृद्धी शिकवणीला गेली होती, पाऊण तास होता. शीलानं चहा गाळला, कप त्याच्यापुढे ठेवला, पर्समधला कागद काढून कपाशेजारी पसरला आणि उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. मडक्यापासून. नर्सपासून. एक ते पाच आकड्यांपासून. वडलांचं वाक्य, रांजण, ओला रुमाल. ती त्याच्याकडे न बघता गॅसच्या शेगडीकडे बघून बोलत होती आणि मधेच थांबली तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून भरभर बोलत होती. डबी गेली इथपर्यंत आली. डॉक्टरांनी विचारलं आणि मी बोलले नाही, इथपर्यंत आली. मग आजचा फोन. "मला व्हनार न्हाई म्हनत्यात," ती म्हणाली. "माझ्यात ते राखनारं हाय. पोरीचं म्हाईत न्हाई. तुमची सही लागंल."

तिनं मान वळवली. चहावर साय धरली होती. दादाभाऊ कागदाकडे बघत होता, पण वाचत नव्हता.

"तुला काय न्हाई ते मला पयल्याच वर्सी कळलं व्हतं," तो म्हणाला.

तिला वाटलं तो समजूत घालतोय. मग त्यानं पुढचं सांगितलं, फार सावकाश, शब्द सापडत नसल्यासारखं. मंगळवारी पहाटे तो आंघोळीला गेला होता. रांजणातलं पाणी काढताना साबण मागं पडला, तो काढायला हात घातला तर डबी लागली. रुमाल लग्नातल्या साडीच्या रंगाचा, म्हणून ओळखलं कुणाची ते. आत सुया. आईच्या हाताला लागली असती तर त्याच दिवशी नवरीला माहेरी परत धाडलं असतं, म्हणून ती टॉवेलात गुंडाळून त्यानं टेंपोच्या खणात टाकली. आळेफाट्यावर औषधाच्या दुकानात कुपी दाखवली. दुकानदार म्हणाला, साखरेच्या रोगाची, कुणाची आहे. त्यानं सांगितलं, चुलत्याची.

"मला वाटलं तुझं हाय," तो म्हणाला. "बायको आजारी दिली म्हनून राग आला. पन मग वाटलं, असू दे. बेस्तरवारी पूजा झाली की इचारू, मग बघू काय करायचं ते. बोलायची सोय न्हवती. पोराचं असंल हे डोक्यातच आलं न्हाई. साखर म्हाताऱ्यांना व्हती असंच म्हाईत. वरीसभर तुझ्या ताटाकडं बघत व्हतो. तू पेढं खाल्लं, पोळी खाल्ली, तुला काय झालं न्हाई. तवा कळलं डबी कुनाची व्हती."

शीला खाली बसली. फरशी गार होती. तिनं विचारलं, मग सांगितलं का नाही. तो म्हणाला, तू सांगशील म्हणून थांबलो. मग थांबायचीच सवय झाली. एवढं बोलून त्यानं गार झालेला चहा पिऊन टाकला, हातात घेतला होता म्हणून. तिला त्याचा जीव घ्यावासा वाटायला हवा होता. तिनं तो राग आत शोधून पाहिला, पण कुठूनही सुरुवात केली तरी आधी स्वतःचं तोंड आड येत होतं, पडवीतल्या त्या गर्दीत उघडलेलं आणि मिटलेलं. तीन दिवस दोन माणसं एका घरात एकच गोष्ट उराशी धरून फिरत होती. ती रांजणामागं शोधत होती आणि डबी टेंपोच्या खणात उन्हात तापत पडली होती, तिच्यापासून वीस पावलांवर, अंगणात. कुणीही वाईट नव्हतं. तिला वाचवायचं म्हणून ऋषी गप्प राहिला, तिला वाचवायचं म्हणून बाप गप्प राहिला, तिला वाचवायचं म्हणून यानं डबी उचलली. आणि तिला वाचवायची गरजच नव्हती. ती जन्मतःच वाचलेली होती. आणि ती नजर, जिच्यावर तिनं चौदा वर्षं संसार रेटला, ती लॅबमध्ये पट्टीकडे बघतात तशी होती.

कागद दोघांच्या मध्ये फरशीवर पडला होता. दादाभाऊनं खिशातून पेन काढलं, टोपण काढलं. घराण्यात कुणाला लहानपणी, इथं त्याचं बोट थांबलं. "हितं त्याचं नाव लिव्हायचं का?" त्यानं विचारलं. ती हो म्हणणार होती. तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि शीलाचा हात तिच्याही आधी पुढे गेला, त्यानं कागद पालथा केला. त्यावर दादाभाऊनं आपला हात ठेवला. दोघांपैकी कुणीही तसं ठरवलं नव्हतं.

समृद्धी आत आली. दप्तर टाकलं, आरतीताईच्या लग्नात हिरव्याच बांगड्या हव्यात म्हणून सांगितलं, आणि माठापाशी जाऊन ग्लास बुडवला. घटाघटा प्यायली. एक. तोंड पुसलं, पुन्हा बुडवला. दोन. शीलानं सवयीनं मोजलं आणि सहज नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसते ओठ. पोरीनं ग्लास तिसऱ्यांदा बुडवला तेव्हा ते पुन्हा हलले. म्हणजे इतकी वर्षं तोही मोजत होता, याच खोलीत, तिच्या समोर बसून. ग्लास ठेवून समृद्धी वळली आणि दोघांना जमिनीवर असं बसलेलं पाहून थबकली. काय झालं, मम्मी, तिनं विचारलं, काय बघताय असं?

"काय न्हाई," दोघं एकदमच म्हणाले.